टोमॅटो-वांग्याची फुलं गळायलीत? आधी भुंग्याचं काम हातानं करा, मग भुंग्यालाच बोलवा

आमच्या आक्काचं घर पन्हाळ्याच्या पायथ्याला, तिथं दाजींनी दहा गुंठ्याचं नेटहाऊस उभं केलंय आणि आत टोमॅटो लावलाय. दिवाळीनंतर गेलो तेव्हा लांबून झाडं बघूनच बरं वाटलं, कमरेच्या वर गेलेली, पानं हिरवीगार, घोसच्या घोस फुलं, आणि जवळ जाऊन खाली वाकून बघितलं तर मल्चिंग पेपरवर पिवळ्या फुलांचा सडा पडलेला. दाजी म्हणाले, "बघ की, खत कमी न्हाई, पाणी कमी न्हाई, दोन डाव टॉनिक मारलं, तरी फूल काय टिकंना झालंय."

मी विचारलं, "दाजी, आत एक तरी भुंगा, माशी दिसती का तुम्हाला?"

"आता किडं आत येऊ नयेत म्हणूनच नेट लावलीया न्हवं."

माझ्या मोबाईलचं कव्हर काळं आहे. ते एका पूर्ण उमललेल्या फुलाखाली धरलं आणि घोसाच्या देठाला नखानं टिचकी मारली. कव्हरवर पिवळी भुकटी पडली, हळदीपेक्षा बारीक, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. दाजींना दाखवलं, म्हटलं हा पराग बघा, फुलात भरून बसलाय, त्याला बाहेर पाडणारं आत कोणच नाही. बाहेर वारा असतो, भुंगा असतो, आत दोन्ही बंद.

त्या दिवसापासून आजपर्यंत आम्ही काय काय केलं ते सगळं लिहितो, कारण नेटहाऊस, पॉलिहाऊस, गच्चीवरच्या कुंड्या, सगळीकडं हाच घोळ असतो आणि लोकं औषधावर पैसे घालवत बसतात.

आधी फूल हातात घेऊन बघा

टोमॅटोचं फूल खाली मान घालून असतं. पिवळ्या पाकळ्या मागं वळलेल्या आणि मधी पिवळाच एक सुळका, चोचीसारखा. तो सुळका म्हणजे पुंकेसर, एकमेकाला चिकटून नळी झालेली. पराग त्या नळीच्या आत असतो आणि टोकातनं बाहेर पडतो. मिठाच्या डबीला वरनं भोकं असतात ना, उलटी करून नुसती धरली तर मीठ येत नाही, हलवली की येतं, तसंच. वांग्याचं फूल जरा वेगळं, त्यात प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला दोन बारीक छिद्रं असतात, पण तत्त्व तेच, हादरा बसल्याशिवाय पराग येत नाही.

टोमॅटोला दुसऱ्या झाडाचा पराग लागत नाही, स्वतःच्याच फुलातला चालतो. म्हणजे आपलं काम सोपं आहे, फक्त हादरा द्यायचा. उघड्या रानात वारा बरंचसं काम करून जातो म्हणून आपल्या आज्याला-पणज्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, आणि नेट लावली की एकदम पडतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. टोमॅटो आणि वांगं या दोन्हीच्या फुलात मध नसतो. थेंबभर पण नाही. जो येतो तो फक्त परागासाठी येतो.

थंड मुलखातला भुंगा हे काम कसं करतो

युरोपात मोठमोठ्या काचघरात टोमॅटो होतो आणि तिथं हादऱ्याचं काम बंबलबी करते. बंबलबी म्हणजे आपल्या मधमाशीपेक्षा मोठी, गुबगुबीत, अंगभर दाट केसाची माशी. जगात तिच्या सुमारे अडीचशे जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या थंड मुलखातल्या. आपल्या देशात हिमालयात आहेत, काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत. सह्याद्रीत बंबलबी नाही, त्यामुळं कोल्हापुरात कोणी फोटो टाकून "बंबलबी दिसली" म्हटलं तर तो आपला भुंगाच असतो.

यातली बॉम्बस पोलॅरिस नावाची जात पार उत्तर ध्रुवाकडं राहते, कॅनडाच्या एल्समिअर बेटापर्यंत. तिथं उन्हाळा म्हणजे मोजके आठवडे, उन्हाळ्यात पण हवा गार. एवढ्याशा किड्याला तिथं उडता कसं येतं? उडायला तिच्या छातीतले स्नायू ३० अंशाच्या वर तापलेले लागतात आणि बाहेर तर पाच-सात अंश. मग ती काय करते, पंख तसेच मिटलेले ठेवते आणि नुसते स्नायू थरथरवते. आपण हिवाळ्यात सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून रेस करतो, चाक फिरत नाही पण इंजिन तापतं, डिट्टो तसं. अंगावरचे केस ती गरमी धरून ठेवतात. राणी तर तीच ऊब पोटाकडं पाठवते आणि अंड्यावर बसून त्यांना शेकते, कोंबडी बसते तशी. तिथली छोटी जमिनीलगतची विलो, सॅक्सिफ्रेजची जांभळी फुलं, बर्फ हटला की लगेच उमलणारी, त्यांच्याकडं एवढ्या गारठ्यात फिरणाऱ्या माशा थोड्याच, त्यात ही मोठी.

आता हे सगळं मी टोमॅटोच्या लेखात का सांगायलोय? कारण थंडीत अंग तापवायची जी युक्ती तीच फूल हलवायची युक्ती. बंबलबी टोमॅटोच्या फुलाला लटकते, सुळका जबड्यानं धरते, पंख मिटते आणि तेच छातीचे स्नायू थरथरवते. सेकंदाला दोनशे ते चारशे वेळा. उडतानाचा आवाज एक असतो आणि फुलावर बसली की तो एकदम चढतो, घुंईंईं. पराग भसकन तिच्या पोटावर पडतो, थोडा ती घरी नेते, थोडा त्याच फुलाच्या टोकाला लागतो, झालं काम. मधमाशीला हे जमत नाही, ना सातेरीला ना आग्याला, त्या बाकी शंभर पिकाला उपयोगी आहेत पण टोमॅटोला हादरा त्यांच्याकडनं येत नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हॉलंड, बेल्जियममधी पण माणसंच हातात थरथरणारं यंत्र घेऊन घोसाघोसाला लावत फिरायची. मग बंबलबी पाळायचं तंत्र बसलं, १९८७ च्या सुमाराला पुठ्ठ्याच्या खोक्यात तिची वसाहत विकायला सुरुवात झाली आणि ते हातकाम थांबलं. खोक्यात साखरपाणी पण द्यावं लागतं, का तर वर सांगितलं तेच, टोमॅटोच्या फुलात मध नाही.

आपल्याकडं ते खोकं नाही, पण ते हातकाम आहे आणि भुंगा पण आहे. आता आधी हातकाम.

हातानं हादरा कसा द्यायचा

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. लवकर उठायची सवय असली तरी सात वाजता जाऊ नका, थंडीच्या दिवसात आपल्याकडं सकाळी दव असतं, नेटच्या आत हवा दमट असते आणि पराग ओल्या पिठासारखा चिकटून बसतो, कितीही हलवा. काळ्या कव्हरवर टिचकी मारून बघायचं, भुकटी सुटी पडली की सुरुवात करायची. त्याच दिवशी फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारी नळी, चालवायचा असेल तर हे काम आधी उरका.

फूल कुठलं? पाकळ्या पूर्ण मागं वळलेल्या, रंग झगझगीत पिवळा. अर्धवट उघडलेल्याला हलवून काही होत नाही आणि पाकळ्या सुकून पुढं मिटल्या की वेळ गेली. एक फूल साधारण दोन-तीन दिवस चालू असतं, म्हणून एक दिवसाआड फिरलं की सगळी फुलं सापडतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असं दाजींनी ठरवून टाकलंय.

गच्चीत दहा-वीस झाडं असतील तर बॅटरीवरचा टूथब्रश घ्या, घरात जुना पडलेला असेल तो पण चालतो. ब्रशच्या केसाची बाजू लावायची नाही, मागची प्लॅस्टिकची पाठ लावायची, आणि ती फुलाला नाही तर घोसाच्या मुख्य देठाला, फुलाच्या थोडी मागं. एक सेकंद, घर्रर्र, काढा, पुढच्या घोसाला. एवढंच. फुलाखाली काळं काहीतरी धरा पहिल्या दिवशी, म्हणजे हात बसतो, किती जोर लागतो कळतं. चांगल्यातला सोनिक टूथब्रश मिनिटाला ३०,००० च्या आसपास फटके मारतो, हिशोब केला तर बंबलबीच्या घुंईंच्या जवळच जातो, पण साध्यानं पण पराग पडतो, नवीन घ्यायची गरज नाही.

दहा गुंठ्यात ब्रशनं होत नाही, दिवस जाईल. तिथं झाडं वरच्या तारेला सुतळीनं टांगलेली असतात ना, त्या तारेवर काठीनं ठोकत जायचं. जोरात नको. ठक, ठक, दोन पावलं पुढं, ठक, ठक. सुतळी थरथरली आणि घोस हलला पाहिजे, झाड झुलायला नको. एका ओळीत एक माणूस पाच-सात मिनिटात पार होतो. आक्का तर वांगी तोडायला जाता जाता दोन ओळी ठोकून जाते. पाठीवरचा ब्लोअर असेल तर नुसती हवा मारून पण काम होतं, पण त्यात कालच्या औषधाचा अंश राहिला तर फुलं करपतील, म्हणून धुवून वाळवून मगच, आणि मला विचाराल तर काठीच बरी.

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते, गुडघ्यासारखी. गळणारं फूल त्या गाठीतूनच सुटतं. म्हणून जोराचा झटका दिला तर चांगलं फूल पण तिथनं मोडतं. पहिल्या दिवशी दाजींच्या गड्यानं उत्साहात तार अशी हाणली की शंभरेक फुलं खाली आली. तेव्हा हलका हात.

वांग्याला काय करायचं? तीच पद्धत, ब्रश देठाला. पण वांग्याची सगळी फुलं फळ धरत नाहीत आणि ते आधीच ओळखता येतं. फुलात मधला हिरवा दांडा पिवळ्या पुंकेसराच्या बाहेर डोकावत असेल तर ते फूल फळाचं. दांडा आत दडलेला, आखूड असेल तर ते फूल गळणारच, त्याच्यामागं वेळ घालवू नका. आखूड दांड्याची फुलं फारच वाढली तर झाड थकलंय किंवा उपाशी आहे असं समजा. शिरोळकडं कृष्णाकाठची वांगी पिकवणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, हे फरक ते लांबनं बघून सांगतात.

ढोबळी मिरचीचं फूल असं बंद नळीचं नसतं, तिला तार हलली तेवढं पुरतं.

आता कधी हादरा देऊन पण उपयोग होत नाही ते पण सांगतो. टोमॅटोला दिवसा २१ ते २९ अंश आणि रात्री १५ ते २० अंश मानवतं. दुपारी ३५ च्या वर गेलं की परागच मरतो, रात्री गरम राहिली तरी फूल धरत नाही. आपल्याकडं मार्च-एप्रिलात नेटच्या आत दुपारी किती होतं ते थर्मामीटर टांगून बघा, मग कळेल उन्हाळी टोमॅटो का रुसतो. तिथं सावली, हवा खेळती ठेवणं, बाजूचे पडदे वर घेणं हे आधी. आणि नुसता युरिया मारून झाड माजवलं असेल तर ते पाला वाढवणार, फळाकडं बघणार नाही.

हार्मोनच्या बाटलीचं काय, असं दाजींनी पण विचारलं, कारण दुकानात त्यांना तेच हातात दिलेलं. फूल टिकतं त्यानं, खोटं कशाला बोलू. पण पराग न लागता धरलेल्या फळात बी कमी राहतं आणि आतनं पोकळ राहायची शक्यता असते, हातात घेतलं की हलकं लागतं, दाबलं की कडा कोपऱ्यासारख्या लागतात. बाजारात वजनावर विकतो आपण. कापून बघा एकदा, ज्या टोमॅटोत बी गच्च त्यात गर पण गच्च.

आता भुंग्याला बोलवायचं

हातकाम हे नेटच्या आतल्यासाठी. आक्काची परसातली वांगी, बांधावरची तूर, घेवडा, गच्चीतलं सगळं, हे उघड्यावर आहे आणि तिथं आपला भुंगा हे काम फुकट करतो, फक्त त्याला राहायला जागा पाहिजे. आणि ती जागा आपणच रोज जाळतोय.

आपला भुंगा म्हणजे तो मोठा काळा, उन्हात पंखावर निळी-जांभळी चमक मारणारा, कानाजवळनं गेला की माणूस दचकतो तो. काही जातीत पाठीवर पिवळा मखमली पट्टा असतो. लाकडात भोक पाडून राहतो म्हणून इंग्रजीत त्याला सुताराचं नाव पडलंय, शास्त्रीय नाव झायलोकोपा. लोक त्याला घाबरून चप्पल मारतात. अहो, अंगावर धावून आल्यासारखा करतो तो नर, त्याला नांगीच नसते. मादीला असते पण हातात दाबल्याशिवाय ती सहसा डसत नाही. माझ्या आईच्या गच्चीत चार वर्षं राहतायत, एकदा पण कुणाला चावलेला नाही.

वांग्याच्या फुलावर त्याला बघायचं असेल तर थंडीत नऊ-दहाला उभं राहा. फूल त्याच्या वजनानं खाली लवतं, तो पोट वाकवून पुंकेसराला मिठी मारतो, पंख मिटतात आणि आवाज बदलतो, गुंऽऽ वरनं एकदम झिंऽऽ. दोन-तीनदा तसं करतो आणि उठतो तेव्हा पोटाखाली पिवळं पीठ लागलेलं असतं. ध्रुवाकडची ती बंबलबी आणि परसातला हा भुंगा, यंत्र एकच, तिला ते गारठ्यानं शिकवलं म्हणा आणि याला आपल्या उन्हात वापरायला मिळालं.

त्याच्या एका भाऊबंदाचं नवल सांगतो. भीमाशंकरच्या जंगलात झायलोकोपा ट्रँक्वेबारिका नावाचा भुंगा आहे, तो अमावस्येच्या अंधारात पण उडून फुलं शोधतो. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालंय. आपल्याच सह्याद्रीत, आपल्याच राज्यात.

घर कसं करायचं ते बघा. वाळका बांबू घ्या, आतनं पोकळ, आतली रुंदी साधारण दीड सेंटीमीटर. वीतभर किंवा थोडे जास्त लांबीचे तुकडे करा, असे कापा की एका टोकाला पेरं राहील म्हणजे मागची बाजू बंद. कापल्यावर आतल्या कुसळ्या पॉलिश पेपरनं घासून काढा. आठ-दहा तुकडे सुतळीनं जुडी बांधा आणि पत्र्याच्या किंवा कौलाच्या वळचणीला आडवे टांगा, डोक्याच्या उंचीवर, तोंड पूर्वेला. पश्चिमेला अजिबात नको, आपला पाऊस पश्चिमेकडनं झोडपत येतो, गगनबावडा-राधानगरीकडं तर विचारूच नका, एका आषाढात आत पाणी भरून बुरशी येईल. जुडी वाऱ्यानं झुलायला नको, तारेनं घट्ट आवळा. वार्निश, रंग, वाळवीचं औषध काही लावू नका.

बांबूबरोबर मऊ वाळकं लाकूड पण ठेवा. पांगाऱ्याचा खांब, आंब्याची वाळलेली फांदी. बांधावरचं वाळकं झाड दिसलं की आपण चुलीला तोडतो, एखादं तरी उभं राहू दे. दाजींच्या बांधाला पांगाऱ्याचा एक जुना बुंधा आहे, त्यात बोटभर गोल भोकं, इतकी गोल की गिरमिटानं पाडल्यासारखी. आत मादी एकटीच राहते, मोहोळासारखं शेकड्यानं नाही. परागाचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, लाकडाचा भुसा चावून चिकटवून पडदा घालते, मग पुढची खोली. एका बोगद्यात अशा खोल्या ओळीनं, एसटीच्या सीटसारख्या. पिल्लं थोडीच असतात, म्हणून एक जुडी जाळली की गावातले भुंगे कमी झालेले जाणवतात.

खायला काय? वांग्यात मध नाही हे आता परत आठवा. भुंग्याला उडायला गोड लागतंच. नुसती वांगीच वांगी लावली तर तो थांबणार नाही. बांधाला ताग टाका, तागाचं परागीकरण करणाऱ्यात हा भुंगा मोठा, शिवाय तुम्हाला हिरवळीचं खत. शेवगा एखादा असू द्या. तूर असतेच. कुंपणाला कृष्णकमळाचा वेल सोडा, त्या फुलाची ठेवणच अशी की मोठा भुंगा खाली शिरला की पाठीला पराग लागतो. आणि रुई उपटू नका. शनिवारी मारुतीला पानं लागतात म्हणून देवळाजवळची रुई राहते, शेतातली मात्र तणनाशकात जाते, आणि भुंग्याचं हॉटेल तेच आहे. परागासाठी तरवड, टाकळा, बहावा, काटेरिंगणी, ही सगळी हादऱ्याचीच फुलं. राधानगरीच्या जंगलात अंजनी फुलते तेव्हा जांभळ्या फुलांनी फांद्या झाकून जातात, ते पण हादऱ्याचंच फूल.

भुंग्याबरोबर अजून एक मदतनीस आहे, निळ्या पट्ट्यांची माशी. मधमाशीएवढीच, पोटावर निळसर चमकणारे पट्टे, एका जागी थांबून थरथरत उडते. ती पण हादरा देते. ती मातीत राहते, म्हणून परसात एक कोपरा फरशीशिवाय, कोरडी भुसभुशीत माती किंवा पडकी मातीची भिंत असू द्या. संध्याकाळी सहाच्या पुढं तुळशीच्या किंवा गवताच्या वाळक्या काड्यांकडं बघा, हिचे नर काडीला जबड्यानं धरून, पाय आखडून, एकाखाली एक ओळीनं झोपलेले असतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बॅटरी बंद करून हळूच मागं सरलो, उठू नयेत म्हणून.

फवारणीचं वेळापत्रक बदला

हे केलं नाही तर वरचं सगळं वाया. सकाळी आठ ते अकरा फवारणी म्हणजे जेवायला बसलेल्याच्या ताटात विष. फवारायचंच असेल तर सूर्य मावळायच्या बेताला, माशा घरी गेल्यावर. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाडात भिनतात, परागात पण उतरतात, म्हणून फुलोऱ्यात ती नकोतच. स्पिनोसॅड सेंद्रिय म्हणून बिनधास्त मारतात लोक, ते ओलं असताना मधमाशीला, भुंग्याला मारतं, रात्रीत वाळलं की धोका बराच कमी होतो. म्हणजे संध्याकाळच. शेजारच्या बांधावाल्याशी पण बोलून ठेवा, भुंग्याला गट नंबर कळत नाही. आणि भुदरगड तालुक्यात पाटगाव आहे, मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, तिथल्या माणसाला फुलोऱ्यातली फवारणी सांगून बघा, काय उत्तर येतं ते ऐका.

दोन गोष्टी करू नका

एक, भुंगा धरून नेटहाऊसमध्ये सोडू नका. दाजींच्या पोरानं सोडला होता, दिवसभर तो नेटच्या कोपऱ्याला डोकं आपटत राहिला, फुलाकडं फिरकला नाही, संध्याकाळी आम्ही चेन उघडून बाहेर काढला. आणि भुंगा यावा म्हणून नेट उघडी पण ठेवू नका, पांढरी माशी आत शिरली की टोमॅटोवर बोकड्या, म्हणजे पानं आकसून मुरडायचा रोग येतो, तो तोटा मोठा. आत काठी, बाहेर भुंगा, असंच ठेवा.

दोन, परदेशी बंबलबीचं खोकं कुणी आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. कोल्हापूरच्या उन्हात तिचं जमत नाही हे एक, ३०-३२ च्या वर गेलं की कामकरी माशा फुलं सोडून घरातच पंखांनी वारा घालत बसतात. पण खरं कारण चिली देशात बघा. १९९७-९८ मध्ये तिथं टोमॅटो वगैरेसाठी युरोपातली बंबलबी आणली. ती काचघरात थोडीच थांबते, बाहेर सुटली, अँडीज ओलांडून अर्जेंटिनात गेली, आणि जिथं जिथं गेली तिथं तिथली स्वतःची बंबलबी, बॉम्बस डाल्बोमी, केशरी रंगाची, जगातली सगळ्यात मोठी, ती नाहीशी होत गेली. खाणं वाटलं गेलं आणि बाहेरचे रोग आले. आज ती संकटग्रस्त यादीत आहे. आपल्या भुंग्यावर ती पाळी आणायची का?

कळणार कसं की जमलंय

हादरा दिल्यावर चार-पाच दिवसांनी बघा. पाकळ्या सुकल्यात पण फूल गळालं नाही, देठ जाडसर झालाय आणि सुकलेल्या पाकळ्या टोपीसारख्या वर ढकलून हिरवा मणी बाहेर यायलाय, म्हणजे धरलं. देठ गाठीपाशी पिवळा पडायला लागला म्हणजे ते जाणार. एका ओळीतले दहा घोस सुतळीनं खूण करून ठेवा, किती फुलं आणि किती मणी लिहून ठेवा, आणि एक ओळ मुद्दाम न हलवता सोडा. दाजींनी अशी ओळ सोडली होती, आठव्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "ती वळ लगीच बडवून घेतली बाबा, बघवंना."

बांबूचं मात्र घाईनं होत नाही. टांगल्यावर दोन-तीन महिने काहीच होणार नाही, जुडी हलवून, टॉर्च मारून बघत बसू नका. थंडी संपता संपता एखाद्या दिवशी जुडीच्या बरोबर खाली फरशीवर पिवळसर भुसा पडलेला दिसेल, चिमूटभर, रवाळ. आमच्या आईनं तो पहिल्यांदा किडीचा समजून झाडून टाकला होता. दुसऱ्या दिवशी परत पडला, कान लावला तर आत कुरकुर आवाज. तो दिसला की त्या बाजूचा पत्रा, दोरी, जुडी, काही हलवायचं नाही, झाडू मारायचा तर लांबनं, आणि पावसाळ्याआधी जुडीवर एक पत्र्याचा तुकडा तिरका बांधून घ्यायचा, पण तोंडासमोर वीतभर जागा मोकळी सोडून.